प्रवास विमा : कँडीतील एका आजारी दिवसाचा हिशेब

परदेशी जाताना प्रवास विमा घ्यावा की नाही आणि घेतला तर कसला घ्यावा, असे बेळगावातील बरेच परिचित मला अलीकडे विचारतात. फेब्रुवारीत मी एकटीने श्रीलंकेला गेले, कँडी शहरात आजारी पडले आणि विम्याचा उपयोग करण्याची वेळ माझ्यावर खरोखरच आली, ही बातमी शहापुरातील आमच्या गल्लीतून पार खानापूरच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचली आहे. त्यामुळे तो सारा दिवस आणि त्या दिवशी विमा नेमका कोठे उपयोगी पडला व कोठे पडला नाही, हे एकदाच नीट लिहून ठेवते. कंपनीचे नाव देत नाही, कारण ज्या अटींबद्दल मला बोलायचे आहे, त्या बऱ्याच कंपन्यांच्या पॉलिसींमध्ये थोड्याफार फरकाने आढळतात.

पॉलिसी मी बेळगावातच, खडेबाजाराजवळ कार्यालय असलेल्या एका प्रतिनिधीकडून घेतली. तो माझा जुना विद्यार्थी आहे आणि मला अजूनही ‘बाई’ म्हणतो. आठ दिवसांसाठी 740 रुपये हप्ता, 50,000 डॉलरचे वैद्यकीय संरक्षण, सामान हरवल्यास आणि विमानाला उशीर झाल्यास वेगळी भरपाई, असे तिचे स्वरूप होते. मला रक्तदाबाचा त्रास आहे, ही गोष्ट त्याने अर्जात आवर्जून लिहायला लावली. जुना आजार लपवला तर पुढे दावा नाकारण्याचे कारण कंपनीच्या हाती आयते मिळते, हे त्याने समजावून सांगितले आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. मग त्याने व्हॉट्सॲपवर 34 पानांचा इंग्रजी दस्तऐवज पाठवला. त्यातील पहिले पान मी वाचले आणि उरलेली 33 पाने न वाचता फोनमध्ये ठेवून दिली.

रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेंगळुरू, तेथून विमानाने कोलंबो आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेने कँडी, असा प्रवास झाला. श्रीलंकेत घड्याळ बदलावे लागत नाही, कारण तेथील वेळ आणि आपली वेळ एकच आहे. पाट्यांवरची सिंहली अक्षरे कन्नडसारखी गोलाकार असल्यामुळे बेळगावच्या माणसाला ती पहिल्या दृष्टीत ओळखीची वाटतात. वाचायला गेले की मात्र एकही अक्षर लागत नाही. कोलंबोत फिरताना दुपारच्या उन्हात मी बर्फ घातलेला अननसाचा रस प्यायले. पुढील दुखण्याचे मूळ तेच असावे, असे मला वाटते.

कँडीत दिवसाची सुरुवात पहाटे साडेपाचच्या पूजेने झाली. श्री दळदा मालिगाव हे बुद्धाच्या दंतधातूचे मंदिर आहे. कलिंगच्या राजकन्या हेममालेने हा दात आपल्या केसांत लपवून चौथ्या शतकात लंकेत आणला, अशी परंपरा सांगते. ‘दळदा’ या शब्दातील ‘दळ’ आणि आपली ‘दाढ’ हे एकाच जुन्या शब्दाचे वंशज आहेत, हे मला आधीच ठाऊक होते, आणि त्यामुळेच कदाचित त्या मंदिराची ओढ मला इतर कोणत्याही स्थळापेक्षा अधिक होती. ढोल वाजू लागले, लोक हातात निळ्या कमळांच्या परड्या घेऊन रांगेने जिना चढू लागले आणि गाभाऱ्याचे दार उघडल्यावर सोन्याची स्तूपाकार करंडी काही क्षण दिसली. प्रत्यक्ष दात कोणाला दाखवत नाहीत. तो एकात एक ठेवलेल्या सात करंड्यांच्या आत असतो. रांगेत उभी असतानाच माझ्या पोटात एक बारीक मुरडा येऊन गेला, पण उपाशी पोटी इतक्या पहाटे उठल्यामुळे तसे होत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मंदिराला लागूनच एक अष्टकोनी सज्जा आहे. तो कँडीचा शेवटचा राजा श्री विक्रम राजसिंह याने बांधवून घेतला. 1815 साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले, त्याला समुद्रापार वेल्लोरच्या किल्ल्यात नेऊन ठेवले आणि 1832 मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. आमच्या जिल्ह्यात कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी 1824 मध्ये इंग्रजांशी लढा दिला, त्या पकडल्या गेल्या आणि 1829 मध्ये बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेतच निवर्तल्या. चन्नम्मांच्या नावाच्या गाडीने घर सोडून मी त्या सज्ज्यासमोर येऊन उभी राहिले होते आणि मला ही दोन्ही मरणे एकाच वेळी आठवत होती.

आठ वाजता पेरादेणियाच्या वनस्पती उद्यानात पोहोचले. कँडीपासून सहा किलोमीटरवर, महावेली नदीच्या वळणात 147 एकरांवर पसरलेले हे उद्यान आहे. दिवसभरासाठी मी एक तीनचाकी ठरवली होती. ती आपल्या रिक्षेसारखीच आणि बजाजचीच होती. चालक पन्नाशीचा होता, त्याला इंग्रजी जेमतेम येत होते आणि तो मला ‘अम्मा’ म्हणत होता. ताडांच्या सरळ रांगांमधून जाणाऱ्या रस्त्याने मी थोडे चालले आणि 1901 साली ब्रिटनच्या भावी राजाराणीने लावलेल्या कैलासपतीच्या झाडापाशी आले. आपण ज्याच्या फुलात शिवलिंगावर फणा धरलेला नाग पाहतो, तेच हे झाड. लंकेत त्याला साल म्हणतात आणि बुद्धाशी त्याचे नाते जोडतात. त्या फुलांकडे पाहत असतानाच पोटात कळ उठली, अंगाला दरदरून घाम सुटला आणि समोरची झाडे पिवळट दिसू लागली.

पुढील तासाभराचे वर्णन मी थोडक्यात उरकते. उद्यानातील स्वच्छतागृहात मला चार वेळा जावे लागले. दोनदा उलटी झाली. साडेनऊला मी एका बाकावर बसले होते तेव्हा अंगात कणकण होती, जीभ टाळ्याला चिकटत होती, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि पहाटेपासून लघवी झाली नव्हती, हे माझ्या ध्यानात आले. एकट्या माणसाला आजारपणात सर्वांत जड काय जाते, ते मला तेथे कळले. आपले आपल्यालाच निरखायचे असते, आणि निरखणारे डोकेच धड नसते.

विम्याची खरी परीक्षा येथून सुरू झाली. पहिल्या पानावर ठळक छापलेला 1800 ने सुरू होणारा मोफत क्रमांक मी लावला. माझ्याजवळ तेथे घेतलेले स्थानिक सिम होते आणि त्यावरून तो क्रमांक अस्तित्वातच नसल्याचे सांगण्यात आले. भारतातील हे मोफत क्रमांक साधारणतः परदेशातून लागत नाहीत. परदेशातील संकटासाठीच विकलेल्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर तोच क्रमांक सर्वांत मोठ्या अक्षरात छापलेला असावा, ही मला अक्षम्य चूक वाटते. परदेशातून लागणारा क्रमांक 31व्या पानावर बारीक अक्षरांत होता. मला ते पान उघडून वाचणे शक्य नव्हते, म्हणून मी बेळगावच्या त्या विद्यार्थ्याला फोन केला. त्याने दोन मिनिटांत योग्य क्रमांक पाठवला आणि लगेच स्वतः पुन्हा फोन करून म्हणाला, “बाई, आधी पाणी घ्या, एक एक घोट, आणि रिक्षावाल्याला जवळ बोलावून घ्या.” इतके सरळ वाक्य त्या दिवशी दुपारपर्यंत मला दुसऱ्या कोणाकडून ऐकायला मिळाले नाही.

मदतकेंद्राने फोन लवकर उचलला, ही जमेची बाजू आहे. बोलणाऱ्या मुलाने पॉलिसी क्रमांक विचारला, पत्त्यात कर्नाटक पाहिले आणि माझी सोय व्हावी म्हणून तो आपण होऊन कन्नडमध्ये बोलू लागला. मला कन्नड येते. बेळगावात 32 वर्षे शिकवल्यावर आणि आयुष्यभर बाजारहाट केल्यावर ती न येणे शक्यच नाही, आणि शेजारच्या अक्कांशी माझे निम्मे बोलणे कन्नडमध्येच होते. मी ‘होट्टे नोवु’ म्हणाले, ‘वांती’ म्हणाले, ‘ज्वर’ म्हणाले. त्याने पुढे विचारले की पोटदुखी कशा प्रकारची आहे, आणि तेथे माझी गाडी अडली. मुरडा, कळ, ठणका आणि मळमळ यांतील फरक मला लहानपणापासून ज्या भाषेत कळतो, त्या भाषेबाहेर त्या अवस्थेत मला काही सुचेना. मी मराठीत सांगू का असे विचारले, तेव्हा मराठी बोलणारे कोणी आत्ता उपलब्ध नाही, असे उत्तर मिळाले. त्याने नोंद केली ‘पोटदुखी व उलटी’ अशी, आणि चार तासांत पुन्हा फोन येईल असे सांगितले.

यात त्या मुलाचा किंवा कन्नडचा काहीच दोष नाही, हे मी मनापासून लिहिते. तो सौजन्याने वागला. दोष आहे तो पिनकोडवरून माणसाची भाषा ठरवणाऱ्या पद्धतीचा. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत एका गल्लीतील चार घरांत तीन भाषा बोलल्या जातात, आणि ग्राहकाला कोणत्या भाषेत बोलायला आवडेल, हा एक प्रश्न अर्जात घालायला कंपनीला एक ओळ पुरली असती. अंधारी येते आहे आणि लघवी झालेली नाही, ही दोन वाक्ये त्या नोंदीत गेली असती, तर चार तास थांबा असे कोणत्याही जाणत्या माणसाने सांगितले नसते, कारण शरीरातील पाणी धोकादायक रीतीने कमी झाल्याची ती खूण आहे.

त्याच फोनमध्ये आणखी एक माहिती मिळाली. रोख न भरता उपचार घेण्याची सोय 24 तासांहून अधिक काळ दाखल व्हावे लागले तरच मिळते. बाह्यरुग्ण म्हणून तपासून घेतल्यास पैसे आपण भरायचे आणि नंतर मागायचे. कंपनीच्या यादीतील सर्वांत जवळचे रुग्णालय कोलंबोत होते. त्या दिवशीच्या माझ्या प्रकृतीला शंभराहून अधिक किलोमीटरचा तो घाटरस्ता झेपणारा नव्हता.

चालकाने माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता तीनचाकी उद्यानाच्या दारापर्यंत आणून लावली. वाटेत एका औषधांच्या दुकानासमोर थांबून त्याने ‘जीवनी’ची पाकिटे आणली. आपल्याकडे ज्याला आपण ओआरएस म्हणतो, त्या पुडीचे ते लंकेतील नाव आहे. पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण घालायची असते, अर्धी पुडी अर्ध्या ग्लासात असे अंदाजाने करायचे नसते, कारण मीठ आणि साखर यांचे प्रमाण बिघडले तर फायद्याऐवजी अपाय होऊ शकतो. दुकानदाराने हे मला दोनदा बजावले आणि एक लिटरची सीलबंद बाटलीही दिली. जुलाब बंद करणारी गोळी मात्र त्याने ताप आहे म्हटल्यावर दिली नाही. अंगदुखीसाठी मी माझ्या पिशवीतील नेहमीची वेदनाशामक गोळी घेऊ का असे विचारले, तेव्हा त्याने जोराने मान हलवून “डेंग्यू, डेंग्यू” असे म्हटले आणि पॅरासिटामॉल पुढे केली. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नये, कारण रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो, हे मला ठाऊक होते, परंतु त्या क्षणी आठवले नव्हते. तेथे डेंग्यूचा उपद्रव मोठा असल्यामुळे साध्या दुकानदारालाही त्याचे भान होते.

कँडीतील खासगी रुग्णालयाच्या नोंदणीच्या खिडकीवर चालकानेच माझ्या वतीने बोलायला सुरुवात केली आणि मला त्यातील एक शब्द स्पष्ट ऐकू आला, ‘पाचनय’. पचन व्यवस्थित आहे असे हा सांगतो आहे की काय, या धास्तीने मी बसल्या जागेवरून “नो, नो” असे ओरडले. नंतर डॉक्टरांनी सांगितले की सिंहलीत पाचनय म्हणजे जुलाब. तापाला ते ‘उण’ म्हणतात, आणि ‘उष्ण’पासून आलेला तो शब्द आपल्या ‘ऊन’ या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. औषध म्हणजे ‘बेहेत’, आणि सरकारी औषधदुकानाच्या पाटीवर असते ‘ओसुसल’, म्हणजे औषधशाला. निम्मे शब्द घरचे वाटत होते आणि त्यांतला एक नेमका उलट अर्थाचा निघाला होता. शब्दांच्या साम्यावर विसंबून आजार सांगू नये, ही गोष्ट मी मनात पक्की नोंदवली.

डॉक्टर तरुण होत्या आणि त्यांनी शांतपणे इंग्रजीत बोलत मला हातांनी दाखवून सांगायला लावले. रक्तदाब 92/60, नाडी 118, ताप 101.4 अंश. त्यांनी माझ्या गोळ्यांची पट्टी मागितली आणि ती पाहून लगेच विचारले की ही सकाळी घेतली का. माझ्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक आहे. शरीरातील पाणी आधीच कमी झालेले असताना ती गोळी पहाटे घेतल्यामुळे प्रकृती अधिक ढासळली होती. त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासेपर्यंत ती थांबवायला सांगितली. अर्थात हा निर्णय त्यांनी माझा रक्तदाब मोजून घेतला होता आणि कोणीही आपल्या मनाने तसे करू नये. रक्ताची तपासणी झाली, डेंग्यूसाठी एनएस1 चाचणी झाली, हाताला सलाईन लागले आणि अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या तीन तासांत गेल्या. एनएस1 नकारात्मक आली आणि प्लेटलेट्स 2,10,000 निघाल्या, तेव्हा माझ्या आधी त्या दारात उभ्या असलेल्या चालकाच्याच चेहऱ्यावर हसू उमटले.

दुपारी सव्वादोनला कंपनीचा फोन आला. सांगितलेल्या चार तासांच्या आसपासच तो आला होता. या वेळी पलीकडून पुण्याकडच्या वळणाची मराठी ऐकू आली. “काकू, आता कसे वाटते आहे? सलाईन लावले का?” असे त्या मुलीने विचारले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. तिला रुग्णसेवेचे शिक्षण असावे, असे तिच्या प्रश्नांवरून वाटले. लघवी झाली का, शौचात रक्त किंवा आव आहे का, रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे, सोबत कोणी आहे का, हे तिने पाच मिनिटांत विचारून घेतले. मग निघण्यापूर्वी कोणते कागद गोळा करायचे, हे तिने मला लिहून घ्यायला लावले : निदान लिहिलेली आणि शिक्का असलेली डॉक्टरांची चिठ्ठी, बाबवार बिल, पैसे भरल्याची पावती, तपासण्यांचे अहवाल, औषधांची मूळ बिले आणि पारपत्रावरील प्रवेशाच्या शिक्क्याच्या पानाची प्रत. चिठ्ठी इंग्रजीत मागून घ्या, असेही तिने सांगितले. ही मुलगी सकाळी साडेनऊला फोनवर असती, तर माझे या विम्याबद्दलचे मत पूर्ण वेगळे झाले असते.

रुग्णालयाचे एकूण बिल 21,400 श्रीलंकन रुपये झाले, म्हणजे सुमारे 6,100 भारतीय रुपये. ते मी कार्डाने भरले. चालकाने मला सरोवराच्या काठाने अगदी सावकाश नेले. 1807 साली राजाने बांधवून घेतलेल्या या सरोवराला ‘किरी मुहुद’, म्हणजे क्षीरसमुद्र, म्हणत असत. माझ्या यादीत त्या दुपारी भैरवाच्या नावाची टेकडी, बहिरवकंद, आणि तिच्यावरील 88 फूट उंच पांढरी बुद्धमूर्ती होती. ती मी निवासाच्या खिडकीतून, अंथरुणावर पडूनच पाहिली. घरमालकिणीने मीठ घातलेली तांदळाची पेज आणली. चवीला ती आमच्या आईच्या पेजेहून वेगळी नव्हती. साडेसहाला मंदिरातील सायंपूजेचे ढोल दुरून ऐकू आले आणि त्या आवाजातच मला झोप लागली.

आता दाव्याविषयी. परतल्यावर चार दिवसांत सर्व कागद पाठवले. एकही कागद परत आला नाही, कोणताही खुलासा मागितला गेला नाही, आणि याचे श्रेय पूर्णपणे त्या पुण्याच्या मुलीला आहे. तीन आठवड्यांनी इंग्रजीत निकाल आला : देय रक्कम शून्य. पॉलिसीत 100 डॉलरची वजावट होती, म्हणजे प्रत्येक आजारपणातील पहिले 100 डॉलर ग्राहकाने स्वतः सोसायचे आणि त्यावरील खर्च कंपनी देणार. माझा खर्च सुमारे 71 डॉलरचा होता. अट नवव्या पानावर होती आणि निकाल अटीला धरूनच होता. माझा विद्यार्थी ते पान आणि कुंद्याचा डबा घेऊन घरी आला आणि म्हणाला, “बाई, ही गोष्ट मी तुम्हाला आधी सांगायला हवी होती.” तो चुकला होता हे खरे, पण हप्ता भरताना वजावट किती, हा एक प्रश्न मीही विचारायला हवा होता.

मग हे 740 रुपये वाया गेले का? मला तसे वाटत नाही. एनएस1 सकारात्मक आली असती, प्लेटलेट्स घसरल्या असत्या आणि आठवडाभर दाखल राहावे लागले असते, तर बिलाचा आकडा माझ्या निवृत्तिवेतनाला न पेलणारा झाला असता, आणि तेथे ही पॉलिसी उभी राहिली असती. मोठ्या संकटासाठी ती योग्य आहे. परंतु एकट्या प्रवाशावर बहुधा येते ते मध्यम संकट : पोट बिघडणे, ताप, पाय मुरगळणे, अर्ध्या दिवसाचे सलाईन. तेथे या पॉलिसीकडून पैसा मिळत नाही, आणि म्हणून तेथे तिचे मोल फोनवरच्या माणसावरूनच ठरते. मी या सेवेला पाचपैकी तीन गुण देते. दुपारच्या फोनला पाच आणि सकाळच्या व्यवस्थेला एक, असे करून ते तीन झाले आहेत.

सीमाभागातील वाचकांसाठी काही गोष्टी मुद्दाम सांगते. पॉलिसी कोल्हापूरच्या नातेवाइकाकडून घेतली आणि पत्ता बेळगावचा दिला, तर फोन कोणत्या भाषेत येईल हे आधीच विचारून घ्या आणि उत्तर लेखी मागा. परदेशातून लागणारा क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पारपत्राच्या पाकिटात ठेवा. आपला आजार आणि रोजच्या गोळ्यांची मूळ नावे, पट्टीवरील व्यापारी नावे नव्हे, इंग्रजीत लिहिलेला एक कागद त्याच पाकिटात असू द्या. दावा अन्यायाने नाकारला गेला, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग ‘बिमा भरोसा’ या शासकीय संकेतस्थळावर आणि त्यानंतर विमा लोकपालाकडे जाता येते. कर्नाटकातील ग्राहकांसाठी लोकपालांचे कार्यालय बेंगळुरूला आहे. माझ्या बाबतीत निकाल अटीप्रमाणे असल्यामुळे मी तिकडे गेले नाही. भाषेच्या नोंदीविषयी मात्र मी तक्रार विभागाला सविस्तर पत्र पाठवले आहे. आणि लंकेला जाणाऱ्यांनी 1990 हा क्रमांक लक्षात ठेवावा. तेथील ही मोफत रुग्णवाहिका सेवा 2016 साली भारताच्या अनुदानातून सुरू झाली. मला तिची गरज भासली नाही, कारण माझा चालक रुग्णवाहिकेइतकाच तत्पर होता. दिवसाचे ठरलेले 6,000 रुपये त्याने घेतले, रुग्णालयाबाहेर थांबलेल्या तासांचे मात्र कितीही आग्रह केला तरी वेगळे घेतले नाहीत.

ऑक्टोबरमध्ये मी नेपाळला जाणार आहे. या खेपेस त्याच विद्यार्थ्याकडून दुसऱ्या कंपनीची पॉलिसी घेतली आहे. तिच्यात बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च मिळतो, वजावट शून्य आहे आणि हप्ता 1,310 रुपये आहे. सर्व पाने आम्ही दोघांनी माझ्या ओसरीवर बसून एका दुपारी वाचून काढली. अर्जात भाषेसाठी रकाना नव्हता, म्हणून ‘विशेष सूचना’ या ओळीत त्याच्याकडून ‘संपर्क मराठीत करावा’ असे लिहून घेतले, आणि कंपनीने ते मान्य केल्याचा ई-मेल परवा आला.